एक पत्ता, लाखो घरे

घरात नवा राउटर येतो. तो जोडणारा मुलगा कॉम्प्युटरवर १९२.१६८.१.१ असा आकडा टाइप करतो आणि राउटरच्या सेटिंगचे पान उघडते. गंमत अशी, की शेजाऱ्यांकडेही बहुधा हाच आकडा असतो. सांगलीत असतो, शिकागोतही असतो. दुसऱ्या कुणाचा नसतो तोच आपला पत्ता, अशी आपली साधी समजूत. मग लाखो घरांना सारखाच असलेला हा कसला पत्ता?

इंटरनेटच्या आरंभी प्रत्येक यंत्राचा पत्ता खरोखरच एकमेव होता. हा पत्ता ३२ बिटांचा असावा, हे व्हिंट सर्फ यांनी १९७७मध्ये ठरवले. सप्टेंबर १९८१मध्ये तो नियम प्रसिद्ध झाला आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेचे ‘अर्पानेट’ त्याप्रमाणे चालू लागले. ३२ बिटांतून सुमारे ४२९ कोटी पत्ते निघतात. त्या काळी एवढे पत्ते संपतील, असे कुणाला वाटणार? कॅलिफोर्नियातले जॉन पोस्टेल ते वाटायचे आणि त्यांची नोंद ठेवायचे. आधी येणाऱ्यांना भरभरून मिळाले. एमआयटी या एकट्या संस्थेकडे १ कोटी ६७ लाख पत्ते होते.

नव्वदीत इंटरनेट घराघरांत शिरू लागले, तेव्हा हिशेब चुकल्याचे ध्यानात आले. मग तोडगे निघाले. यंत्राला तात्पुरता पत्ता आपोआप देणारी ‘डीएचसीपी’ पद्धत १९९३ची. आज आपल्याला आकडे हाताने भरावे लागत नाहीत, ते तिच्यामुळे. मे १९९४मध्ये ‘नॅट’ आले. जुन्या वाड्याला दार एक, पत्ता एक, आत बिऱ्हाडे दहा. दारावरचा कारभारी कुणाचे पत्र बाहेर गेले ते टिपून ठेवतो आणि उत्तर आले की त्याच बिऱ्हाडी पोचवतो. राउटर नेमके हेच काम करतो.

आतल्या बिऱ्हाडांसाठी काही आकडे राखून ठेवले गेले. त्यांचा अंतिम नियम फेब्रुवारी १९९६चा : १०ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१पर्यंतचे आणि १९२.१६८ने सुरू होणारे. हे आकडे उंबऱ्याच्या आत कुणीही वापरावेत, बाहेर त्यांना किंमत नाही. यातला १० हा मूळ अर्पानेटचाच क्रमांक. ते जाळे १९९०मध्ये बंद झाले आणि त्याचा आकडा सर्वांचा झाला.

याला विरोधही झाला. जुलै १९९४मध्ये एलियट लिअर आणि तिघा सहकाऱ्यांनी लिहिले, की पत्त्याचे एकमेवपण गेले तर इंटरनेटचा पायाच ढिला होईल. पुढे १९९६च्या नियमावर लिअर यांचेही नाव आले. टंचाईपुढे तत्त्वाला वाकावे लागले.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले, म्हणजे पंगतीत आपण उशिरा बसलो. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाचे मध्यवर्ती कोठार रिकामे झाले. १५ एप्रिलला आशियाचा साठाही तळाला गेला. २०१७मध्ये मात्र एमआयटीने आपल्याकडचे लाखो पत्ते विकायला काढले!

याची झळ आपल्यालाही लागते. राउटरच्या पानावर ‘वॅन’समोरचा पत्ता पाहा. तो १०ने सुरू होत असेल, किंवा १००.६४ ते १००.१२७मधला असेल, तर वाड्याबाहेर आणखी एक वाडा आहे. कंपनीने अनेक घरांना मिळून एकच पत्ता दिला आहे. अशा घरातून जगाला साद घालता येते; जगाला मात्र थेट त्या घराची कडी वाजवता येत नाही. घरचा कॅमेरा परगावाहून पाहायचा, तर मध्ये कंपनीचे यंत्र लागते.

डिसेंबर १९९५मध्ये १२८ बिटांच्या नव्या पत्त्याचा नियम आला. ६ जून २०१२पासून तो जगभर रीतसर वापरात आला आणि आज त्याच्या वापरात भारत आघाडीच्या देशांत आहे. जुन्या वाटपात मागे राहिलेल्यांनाच नव्याची निकड अधिक होती. राउटरमध्ये ‘आयपीव्ही ६’ असा पर्याय असतो. तो बंद असेल तर जरूर सुरू करून पाहावा. स्वतःचा पत्ता असणे ही चैन नव्हे. तो प्रत्येक घराचा हक्क आहे.