जलद भूलप्रारंभ : औषधांची निवड

पोट भरलेल्या, किंवा भरलेले आहे असे मानूनच चालावे लागणाऱ्या रुग्णाला मिनिटभरात बेशुद्ध व शिथिल करून श्वासनलिकेत नळी बसवण्याची पद्धत. ऑपरेशन थिएटरात तिला 'रॅपिड सिक्वेन्स' म्हणतात. पोटातले फुप्फुसात उतरू नये, हा हेतू. प्रसूतीच्या भुलीत हे कसे घडते, ते कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ मध्ये दाखवले. पद्धतीची सविस्तर मांडणी १९७० मध्ये स्टेप्ट व साफर यांनी केली.

परळमध्ये केईएम (१९२६), वाडिया प्रसूतिगृह आणि टाटा स्मारक रुग्णालय (१९४१) हाकेच्या अंतरावर आहेत. लोकलखाली सापडून रक्तस्राव झालेला तरुण, तातडीच्या सिझेरियनसाठी आणलेली बाई, आतडे अडलेला कर्करोगी, या तिघांनाही हीच पद्धत लागते. औषध मात्र एकच चालत नाही.

बेशुद्धीच्या औषधांपैकी प्रोपोफॉल (दर किलो वजनास १.५ ते २.५ मिग्रॅ; पुढच्या मात्राही दर किलोच्याच) धडधाकट माणसाला उत्तम, पण रक्तदाब उतरवते. सिझेरियनसाठी वर्षानुवर्षे वापरलेल्या थायोपेंटोनचीही तीच खोड. रक्तस्रावात आणि दम्यात केटामाईन (१ ते २ मिग्रॅ) बरे. मात्र फार खचलेल्या रुग्णात तेही दाब पाडते. एटोमिडेट (०.२ ते ०.३ मिग्रॅ) हृदयाला सांभाळते, पण कॉर्टिसॉलची निर्मिती काही तास दाबून टाकते.

टाटा स्मारकच्या डॉ. शीला मयात्रा ज्याच्या प्रमुख लेखकांपैकी एक आहेत, त्या २९ देशांतील 'इंट्यूब' अभ्यासात (२०२१) नळी घालताना व लगेच नंतर ४२.६ टक्के अतिगंभीर रुग्णांचे रक्ताभिसरण डळमळले. याच माहितीच्या पुढील विश्लेषणात प्रोपोफॉलचा त्याच्याशी संबंध आढळला. म्हणून औषधाच्या नावाइतकीच मात्राही महत्त्वाची: शॉकमध्ये बेशुद्धीच्या औषधाची मात्रा बरीच कमी करावी आणि नॉरॲड्रेनलिन आधीच जोडून ठेवावे. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाची मात्रा मात्र घटवू नये. शॉकमध्ये त्याचा परिणाम उशिरा दिसतो.

स्नायू शिथिल करणाऱ्यांपैकी सक्सामेथोनियम, म्हणजे रोजच्या बोलण्यातले 'स्कोलिन' (१ ते १.५ मिग्रॅ), मिनिटात काम करते व पाच-दहा मिनिटांत ओसरते. मोठ्या भाजण्याला किंवा मज्जारज्जूच्या इजेला काही दिवस उलटले असतील, तर त्याने पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकते. आर्य वैश्य समाजात स्कोलिन विघटित करणाऱ्या विकराची आनुवंशिक कमतरता तुलनेने अधिक आढळते. अशा रुग्णाचा श्वास तासन्‌तास परतत नाही. घरात कुणाला असे झाले होते का, हे घाईतही नातेवाइकांना विचारलेच पाहिजे. स्कोलिन चालत नाही तिथे रोक्युरोनियम (१.२ मिग्रॅ) घ्यावे. त्याचा अंमल बराच वेळ टिकतो, तो तातडीने उतरवायला सुगॅमाडेक्स (१६ मिग्रॅ) लागते.