सुप्याचे कर्जरोखे आणि माहितीवरचा सामूहिक हक्क

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजाराला जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे आणि हुकूमनामे मागून घ्यायचे आणि जाळायचे. सावकाराने ते निमूट दिले तर बहुतेक ठिकाणी प्रकरण तिथेच मिटे. अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर कोसळलेले कापसाचे भाव आणि फेरपाहणीत वाढलेला शेतसारा ही दंग्यांची कारणे परिचित आहेत. पण राग नेमका कागदावरच का निघाला, याचे उत्तर त्या काळच्या न्यायव्यवस्थेत सापडते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांवर आणली. त्यातून कर्जदाराला आधार मिळायचा, तर सावकारांनी दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा करून घ्यायला सुरुवात केली. शेतकऱ्याने काय घेतले आणि काय फेडले, याची सारी नोंद सावकाराच्या घरात होती. ती त्याला वाचता येत नव्हती आणि कोर्ट मात्र तिलाच पुरावा मानत होते.

सरकारने १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. रोखा गावच्या निबंधकासमोर व्हावा, फेडीची पावती मिळावी, कर्जदाराला हिशेबाचा उतारा मागता यावा, कोर्टाने रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासावा, अशा तरतुदी त्यात होत्या. आपल्याविषयीची नोंद पाहण्याचा हक्क म्हणून आज जे मागितले जाते, त्याचे बीज इथे दिसते. तरीही कायदा तोकडा पडला. गहाणाऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची पळवाट निघाली आणि अडलेला शेतकरी त्यावरही अंगठा उठवू लागला. हक्क एकेकट्या कर्जदाराला मिळाला होता, गरज मात्र त्याला एकटे पाडत होती.

हीच उणीव माहितीविषयीच्या आजच्या कायद्यात आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा व्यक्तीची संमती हा पाया धरतो. पण कृत्रिम बुद्धिमत्ता व्यक्तीपेक्षा समूहाचा साचा शोधते. गावातल्या बहुसंख्य खातेदारांची पिके, कर्जे आणि सातबारा एकत्र जोडले गेले की ज्याने संमती नाकारली त्याचीही पत आणि त्याच्या जमिनीचे उत्पन्न अजमावता येते. त्याचा नकार कागदावर राहतो, परिणाम मात्र त्यालाही भोगावा लागतो. केंद्र सरकारने नेमलेल्या क्रिस गोपालकृष्णन यांच्या समितीने २०२० मध्ये अवैयक्तिक माहितीवर समुदायाचा हक्क असावा आणि तो विश्वस्तामार्फत बजावता यावा, असे सुचवले होते. कल्पना अगदीच परकी नव्हती. २००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक समित्यांकडे लोकजैवविविधता नोंदवही सोपवली आणि त्या हद्दीतल्या संपत्तीच्या व ज्ञानाच्या वापराबाबत त्यांचा सल्ला घेणे बंधनकारक केले. अंमलबजावणी कितीही दुबळी असो, समूहाच्या माहितीवर समूहाचे म्हणणे विचारात घेण्याचे तत्त्व आपल्या कायद्यात आले आहे.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप म्हणजे, समुदाय म्हणजे कोण? १८७५ च्या दंग्यांआधी शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाने सावकारावर सामूहिक बहिष्कार घातला होता. बहिष्काराचे तेच हत्यार गावगाड्याने दलितांवर किती निर्दयपणे चालवले, हे महाराष्ट्राला सांगायला नको. म्हणून माहितीचा सामूहिक हक्क पाटलाच्या किंवा संस्थेच्या अध्यक्षाच्या हाती देऊन भागणार नाही. निर्णय ग्रामसभेत उघडपणे व्हावा, वापराचा हिशेब कोणालाही पाहता यावा आणि व्यक्तीचा नकाराचा हक्क गावाच्या ठरावानेही बुडू नये. दुसरा आक्षेप असा, की अटी घातल्या की संशोधन अडेल आणि पतपुरवठा आटेल. १८७९ च्या कायद्याविरुद्धही सावकार कर्ज देणार नाहीत, हाच युक्तिवाद होता आणि तो पूर्ण खोटा नव्हता. त्यावरचा उपाय मात्र शेतकऱ्याचे संरक्षण काढून घेण्यात नव्हता. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांची वाट खुली केली, तेव्हा कर्ज आणि कर्जाची नोंद दोन्ही सभासदांच्या सामाईक संस्थेत ठेवण्याची सोय झाली. त्या संस्थांतही पुढे पुढारी शिरले. तरी वार्षिक सभेत हिशेब मागता येत होता, सावकाराच्या घरी ते शक्य नव्हते. माहितीच्या बाबतीतही वापरणाऱ्याला अटी घालू शकेल आणि सभासदांना जाब देईल अशी संस्था हवी. ती नसेल, तर संमतीचे बटण खरेदीखतावरच्या अंगठ्याहून फारसे वेगळे ठरणार नाही.