सांखवाळ ते सिंहलद्वीप : धर्मानंदांची आडवळणाची वाट

विहारात वंदना झाली की गाथांचा अर्थ आपण मराठीत ऐकतो, आणि ते आपल्याला अगदी सहज वाटते. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी तरुणाला पाली शिकण्यासाठी थेट समुद्रापार जावे लागले होते. वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत त्या धर्मानंद कोसंबींची आठवण काढावी, असे आम्हांस वाटले.

१८७६ साली गोव्यातल्या सांखवाळ गावी सारस्वत ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शाळा जेमतेम, आणि काम नारळाच्या बागेचे. 'बालबोध' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धचरित्र वाचले आणि मन तिथेच अडकले. १८९९ मध्ये ते घराबाहेर पडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी. धर्मानंदांचा गौरव करताना त्या माउलीने काय सोसले हे आपण विसरतो, ते बरे नाही.

निघाले ते संस्कृत शिकायला. आधी पुणे, मग काशी. तिथे अन्नछत्रात जेवून व्याकरण घोकले. बौद्ध धम्म नेपाळात सापडेल या आशेने १९०२ मध्ये ते काठमांडूला पोहोचले. पण तिथे जे पाहिले त्याने त्यांची घोर निराशा झाली. दुसरा कोणी असता तर घरी परतला असता! हे मात्र बुद्धगयेला गेले. तिथल्या एका भिक्खूने सांगितले, धम्म शिकायचा तर सिंहलद्वीपाला जा. म्हणजे खरा रस्ता सापडला तो चुकलेल्या रस्त्यामुळेच. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली ते पाली शिकले, श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले.

१९०६ मध्ये त्यांनी चीवर उतरवले. याला कोणी माघार म्हणेल, आम्ही म्हणत नाही. कलकत्त्यात पाली शिकवण्याचे काम मिळाले होते, तिथे पगारही जास्त होता. तो सोडून महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपये पत्करले. आपल्या माणसांत धम्म न्यायचा होता ना! १९१० मध्ये 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनासाठी ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. श्रेयाच्या प्रश्नावरून प्रा. लॅनमन यांच्याशी जमले नाही, आणि ती आवृत्ती निघाली थेट १९५० मध्ये. पण धर्मानंद थांबून राहिले नाहीत. १९४० मध्ये त्यांनी आपली देवनागरी आवृत्ती मुंबईत छापून घेतली. त्याआधी १९१२ पासून काही वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली.

'भगवान बुद्ध' या ग्रंथात त्यांनी म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा तपासून बाजूला ठेवली. परमपूज्य बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथात ती कथा स्वीकारली नाही. दोघांच्या वाटा वेगळ्या, पण पारंपरिक कथेलाही प्रश्न विचारण्याचे धाडस दोघांत होते.

चीवर सोडलेल्या या माणसाने १९३७ मध्ये परळच्या कामगार वस्तीत विहार उभा केला आणि त्याला नाव दिले 'बहुजन विहार'. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला त्यांचे निधन झाले. नागपूरची धम्मदीक्षा त्यानंतर नऊ वर्षांनी झाली.