स्कूबा डायव्हिंग, मालवण

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकाळ समुद्रात, पाठीवर दाबलेल्या हवेची टाकी बांधून प्रवाळ व मासे पाहण्याचा जलक्रीडाप्रकार. यासाठी लागणारे श्वसनयंत्र झाक कुस्तो व एमील गान्यां यांनी फ्रान्समध्ये १९४३ साली सिद्ध केले. दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. म्हणून उतरताना नाक दाबून कानांतला दाब सारखा करतात. वर येताना मात्र श्वास मुळीच रोखायचा नाही, फुप्फुस फाटू शकते. येथील सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. लक्षद्वीपसारखी प्रवाळभिंत इथे नाही, खडकांवर विखुरलेल्या वसाहती आहेत. आणि जाहिरातीतले निळेशार पाणी रोज भेटेलच असे नाही. पावसाळ्यात तर समुद्र गढूळ व खवळलेला असतो. प्रवाळांची खरी श्रीमंती विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किमी.वरील, कान्होजी आंग्र्यांच्या नावाच्या ‘आंग्रिया बँक’ या बुडालेल्या पठारावर. त्याचा माथाच सुमारे २० मीटर खोल आहे.