आभासी जग : देखावा आणि वस्ती

संगणकाच्या पडद्यावर उभे केलेले, हजारो माणसांना एकाच वेळी वावरता येईल असे, आणि आपण बाहेर पडलो तरी मागे अखंड चालूच राहणारे जग म्हणजे आभासी जग. येथे प्रवेश करणाऱ्याला एक देह मिळतो. त्याला जगभर 'अवतार' म्हणतात. आपल्या पुराणांतला हा शब्द १९८६ च्या सुमारास 'ल्युकासफिल्म'च्या 'हॅबिटॅट' या संगणकीय खेळात पडद्यावरील पात्रासाठी वापरला गेला. नील स्टीफन्सन यांच्या १९९२ मधील 'स्नो क्रॅश' या कादंबरीने तो सर्वतोमुखी केला. 'मेटाव्हर्स' हा शब्दही याच कादंबरीचा.

एखादे जग उभारणे आणि त्यात वस्ती होणे या मात्र दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला पैसा आणि तंत्रज्ञान पुरते, दुसरीला माणसांची गरज लागते. गेल्या दोन दशकांतील आभासी जगांचा इतिहास हा या एका फरकाचा इतिहास आहे. मेळघाटात परतवाड्याहून घटांग, सेमाडोहमार्गे धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर जे 'डिजिटल गाव' घोषित झाले, त्याची कहाणीही या इतिहासाच्या उजेडात वाचावी लागते.

'सेकंड लाइफ'ची जडणघडण

या क्षेत्रातील सर्वांत बोलके उदाहरण 'सेकंड लाइफ'चे. फिलिप रोझडेल यांनी १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'लिंडन लॅब' ही कंपनी स्थापन केली आणि २३ जून २००३ रोजी हे जग सर्वांसाठी खुले झाले. याला खेळ म्हणणे चुकीचे ठरेल. येथे जिंकायचे काही नसते, गुण नसतात, शेवट नसतो. कंपनीने दिली ती जमीन, आकाश, पाणी आणि वस्तू घडवण्याची साधने. घरे, कपडे, झाडे, वाहने हे सारे बहुतांशी रहिवाशांनी घडवले.

जमिनीचा एक पूर्ण तुकडा २५६ मीटर लांब आणि तितकाच रुंद, म्हणजे सुमारे १६ एकर. तो विकत घेता येतो, पण त्यावर दरमहा आकार भरावा लागतो. २००६ च्या अखेरीस नव्या खासगी बेटासाठी हा आकार २९५ डॉलर झाला. येथील चलन 'लिंडन डॉलर' खऱ्या डॉलरमध्ये बदलून घेता येते आणि त्याचा भाव एका अमेरिकन डॉलरला सुमारे २५० असा राहत आला आहे. २००३ च्या अखेरीस कंपनीने आणखी एक दूरगामी निर्णय घेतला. रहिवाशाने घडवलेल्या वस्तूचे बौद्धिक हक्क त्याचेच राहतील, असे तिने जाहीर केले. येथूनच बाजारपेठ उभी राहिली. जमिनीचा व्यवहार करणारी 'ॲन्शी चुंग' नावाची रहिवासी मे २००६ मध्ये 'बिझनेसवीक'च्या मुखपृष्ठावर झळकली.

ओस पडलेली बेटे

त्या मुखपृष्ठानंतर मोठमोठ्या कंपन्यांची रीघ लागली. पादत्राणे, मोटारी, संगणक विकणाऱ्यांनी आपापली बेटे घेतली. ऑक्टोबर २००६ मध्ये 'रॉयटर्स'ने तेथे बातमीदार नेमला. २००७ मध्ये मालदीव आणि स्वीडनने दूतावास थाटले. नोंदणीचा आकडा याच सुमारास दहा लाखांवर गेला आणि तोच 'लोकसंख्या' म्हणून मिरवला जाऊ लागला. एकदा डोकावून कायमचे निघून गेलेलेही त्यात मोजलेले आहेत, हे अभ्यासक क्ले शर्की यांनी डिसेंबर २००६ मध्येच दाखवून दिले होते. पुढच्याच वर्षी 'वायर्ड' मासिकाने जाहिरातदार निर्मनुष्य बेटांवर लाखो डॉलर कसे उधळत आहेत, याची हकिगत छापली.

इमारती देखण्या होत्या, पण तेथे करण्याजोगे काही नव्हते. ज्या दुकानात गप्पा मारायला कोणी नाही, तेथे माणूस दुसऱ्यांदा कशाला जाईल? कंपन्यांनी हळूहळू गाशा गुंडाळला, 'रॉयटर्स'चे कार्यालय बंद झाले, पुढे स्वीडनचा दूतावासही मिटला. 'गूगल'ने जुलै २००८ मध्ये आणलेले 'लाइव्हली' हे आभासी जग तर त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला बंद पडले.

हा धडा पुढच्या पिढीने गिरवला असे दिसत नाही. 'फेसबुक'ने ऑक्टोबर २०२१ मध्ये आपले नावच 'मेटा' करून घेतले. आभासी जगाचे काम पाहणाऱ्या विभागाला एकट्या २०२२ या वर्षात १३ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. तिच्या 'होरायझन' या जगातील अवतारांना सुरुवातीला पायसुद्धा नव्हते.

टिकून राहिली ती माणसे

'सेकंड लाइफ' मात्र संपले नाही. २०२३ मध्ये त्याने वीस वर्षे पूर्ण केली. जाहिरातदार गेले तरी रहिवासी राहिले, आणि ते का राहिले हे पाहण्यासारखे आहे. अपंगत्वामुळे ज्यांचे घराबाहेर पडणे कठीण, अशांना चालण्या-नाचण्याचे, मुख्य म्हणजे बरोबरीने बोलण्याचे ठिकाण येथे सापडले. 'व्हर्च्युअल ॲबिलिटी' ही संस्था त्यांच्यासाठी येथे काम करते. 'अमेरिकन कॅन्सर सोसायटी'साठी निधी गोळा करणारी पदयात्रा २००५ पासून या जगात निघू लागली. मानवशास्त्रज्ञ टॉम बेलस्टॉर्फ यांनी एखाद्या दूरच्या बेटावरील समाजाचा अभ्यास करावा त्या पद्धतीने येथे राहून संशोधन केले आणि २००८ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथील मैत्री, विवाह आणि शोक त्यांनी खोटे मानले नाहीत.

गाव आले की चावडी येते आणि चावडी आली की वर्तमानपत्र. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक पीटर लडलो यांनी २००३ मध्ये 'द सिम्स ऑनलाइन' या दुसऱ्या आभासी जगात 'अल्फाव्हिल हेरल्ड' सुरू केले. तेथील फसवणूक आणि अल्पवयीनांच्या संशयास्पद व्यवहारांच्या बातम्या छापल्यानंतर त्याच वर्षी कंपनीने त्यांचे खाते बंद केले. नियमभंगाचे कारण पुढे करण्यात आले. पत्र मग 'सेकंड लाइफ'मध्ये स्थलांतरित झाले. ज्या जगात पत्रकार हद्दपार होऊ शकतो त्या जगात सत्ताही असते, हे या प्रकरणाने उघड केले. खुद्द 'द सिम्स ऑनलाइन' ऑगस्ट २००८ मध्ये मिटले आणि त्यातील घरेदारे त्याबरोबर गेली.

सातबारा कोणाच्या नावे?

यातून मालकीचा प्रश्न उभा राहतो. पेनसिल्व्हेनियातील वकील मार्क ब्रॅग यांनी आडमार्गाने स्वस्तात जमीन मिळवली, असा ठपका ठेवून 'लिंडन लॅब'ने त्यांचे खाते गोठवले. ते न्यायालयात गेले. वाद लवादापुढेच नेला पाहिजे, ही कंपनीच्या करारातील अट एकतर्फी असल्याचे सांगत मे २००७ मध्ये न्यायालयाने ती अमान्य केली. पुढे आपसांत तडजोड झाल्याने जमीन खरोखर कोणाची, याचा निकाल लागलाच नाही. ऑगस्ट २००७ मध्ये 'गिन्को फायनान्शियल' ही तेथील पेढी बुडाली, तेव्हा ठेवीदारांना दाद मागायला जागा नव्हती. जानेवारी २००८ मध्ये कंपनीने परवान्याविना पेढ्या चालवण्यावर बंदी घातली. तलाठी, न्यायाधीश आणि सरकार एकच असेल, तर रहिवाशाचा हक्क त्याच्या मर्जीइतकाच टिकाऊ असतो.

सेमाडोहच्या वाटेवर

आता मेळघाटाकडे वळू. सिपना नदीकाठचे सेमाडोह हे १९७४ मध्ये घोषित झालेल्या व्याघ्र प्रकल्पातील गाव, पर्यटकांच्या परिचयाचे. याच रस्त्याने पुढे धारणी तालुक्यात हरिसाल लागते. २०१६ मध्ये राज्य सरकारने 'मायक्रोसॉफ्ट'च्या साहाय्याने ते देशातील पहिले डिजिटल गाव म्हणून पुढे आणले. दूरचित्रवाणीच्या वापरात नसलेल्या लहरींवरून इंटरनेट पोहोचवायचे, अशी योजना होती. या लहरी लांब पल्ल्याच्या असतात आणि झाडीचा अडथळा त्यांना तुलनेने कमी होतो. शाळेत डिजिटल वर्ग, आरोग्य केंद्रात दूरस्थ वैद्यकीय सल्ला, रेशन दुकानात यंत्र, असा आराखडा होता. कुपोषण आणि बालमृत्यूंच्या बातम्यांनीच ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशासाठी ही कल्पना मोलाची होती, यात शंका नाही.

२०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी हरिसालची चित्रफीत भर सभेत दाखवली. जाहिरातीतले गाव आणि प्रत्यक्षातले गाव यांत अंतर असल्याचा आरोप त्यांनी केला. सत्ताधाऱ्यांनी तो फेटाळला. राजकारण बाजूला ठेवले तरी मूळ मुद्दा उरतोच. बसवलेली यंत्रे मोजणे आणि वापरणारी माणसे मोजणे, यांत 'सेकंड लाइफ'च्या नोंदणी-आकड्याइतकाच फरक आहे. २०२० मध्ये शाळा बंद पडून वर्ग मोबाइलवर आले, तेव्हा संपर्काच्या टप्प्याबाहेर राहिलेल्या मेळघाटातील मुलांनी हा फरक सोसला.

जंगलातील मनोऱ्यांना वनकायद्याची परवानगी लागते, वीज खंडित होते, यंत्र बिघडले तर दुरुस्त करणारा शहरातून यावा लागतो. या अडचणी खऱ्या आहेत. मात्र योजना आखताना पहिला प्रश्न तंत्रज्ञानाचा नसावा. कोरकू आईला दवाखान्याशी कोणत्या भाषेत बोलता येईल, यंत्र बंद पडल्याची तक्रार तिने कोणाकडे करावी आणि ती कोण ऐकेल, हे आधी ठरावे. आभासी बेटांवर इमारती बांधणाऱ्यांनी नेमके हेच विचारले नव्हते.

देखावा उभा राहतो तो पाहुण्यांसाठी, आणि पाहुणे परतले की ओस पडतो. वस्ती मात्र रोजच्या गरजेवर आणि गाऱ्हाणे मांडण्याच्या हक्कावर उभी असते. सॅन फ्रान्सिस्कोच्या संगणकांवरील बेटांसाठी हे जितके खरे, तितकेच सिपनेच्या काठावरील गावांसाठीही.