मस्तक आणि चेंडू

फुटबॉलच्या खेळात पायांइतकाच मस्तकाचाही उपयोग होतो. उंचावरून येणारा चेंडू झेप घेऊन कपाळाने गोलात धाडणारा खेळाडू प्रेक्षकांचा लाडका ठरतो. या कौशल्याचे मोल मेंदूला द्यावे लागते काय, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला.

मुष्टियुद्धाच्या बाबतीत तो पूर्वीच निघाला होता. १९२८ साली अमेरिकेतील न्यू जर्सीचे वैद्यक संशोधक हॅरिसन मार्टलँड यांनी, वारंवार ठोसे खाणाऱ्या मल्लांची चाल अडखळते व बुद्धी मंदावते, हे निदर्शनास आणले. मेंदू हा मृदू अवयव आहे. डोक्यास धक्का बसला की तो कवटीच्या आत हेलकावतो आणि त्याचे सूक्ष्म तंतू ताणले जातात. बाहेर जखम दिसत नाही. मनुष्य शुद्धीवरच असतो. परंतु असे आघात वर्षानुवर्षे होत राहिले, तर मेंदूत एक प्रकारचे विकृत प्रथिन साचू लागते.

ठोसा हा उघड प्रहार. चेंडूला मात्र कोणी प्रहार मानीत नव्हते. इंग्लंडमधील वेस्ट ब्रॉमविच ॲल्बियन संघाचे जेफ ॲस्टल हे मस्तकाने चेंडू मारण्यात निष्णात होते. १९६८ च्या एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यातील एकमेव गोल त्यांचाच. पुढे त्यांची स्मृती लोपत गेली, आणि २००२ च्या जानेवारीत, वयाची साठी गाठण्यापूर्वीच, ते निवर्तले. त्याच वर्षी कॉरोनरने त्यांचा मृत्यू व्यवसायजन्य रोगाने झाल्याचा निर्णय दिला. खाणीत किंवा गिरणीत राबणाऱ्यास जो न्याय लागू होतो, तोच खेळाडूसही लागू झाला.

या निर्णयानंतरही व्यापक संशोधनास अनेक वर्षे लागली. २०१९ साली ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंची माहिती प्रसिद्ध केली. हृदयविकाराने मरण पावणाऱ्यांचे प्रमाण त्यांच्यात इतरांपेक्षा कमी होते. स्मृतिभ्रंशासारख्या मेंदूच्या विकारांनी होणारे मृत्यू मात्र सुमारे साडेतीन पट होते. २०२१ च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. मस्तकाने चेंडू क्वचितच मारणाऱ्या गोलरक्षकांना या विकारांचा धोका सामान्य माणसांइतकाच होता; बचावफळीतील खेळाडूंना तो सर्वाधिक होता. एवढ्याने कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही. तथापि संशयाचा रोख स्पष्ट होतो.

२०२० साली इंग्लंड, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड येथील फुटबॉल संघटनांनी प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांना सरावात मस्तकाने चेंडू मारावयास लावू नये, असे ठरविले. खेळाने हृदय बळकट होते, यात शंका नाही. म्हणूनच मैदान सोडण्याचे कारण नाही. मात्र ज्या वयात मूल स्वतः धोका ओळखू शकत नाही, त्या वयात तो ओळखण्याचे उत्तरदायित्व खेळ शिकविणाऱ्यांवर येते. ॲस्टल यांच्या पिढीला हे सांगणारे कोणी नव्हते. आजच्या मुलांच्या बाबतीत ती सबब उरलेली नाही.