दिल्लीचं खातं आणि येरवड्याची गल्ली

येरवडा म्हटलं की तुरुंग आठवतो, आणि तुरुंगाबरोबर 24 सप्टेंबर 1932 चा पुणे करार. त्यातल्या राखीव जागांवर आपण भरपूर बोलतो. आठवं कलम मात्र सहसा कुणी वाचत नाही. अस्पृश्य म्हणून स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत कुणाला अडवायचं नाही, असं ते सांगतं. म्हणजे नगरपालिका नेमकी कुणाची, हा प्रश्न येरवड्यात तेव्हाच येऊन गेला होता.

आज त्याच येरवड्यातल्या वस्त्यांकडे जाऊ. पण आधी कायदा. राज्यघटनेनं स्थानिक शासन हा विषय राज्यसूचीत ठेवला. पुणे महानगरपालिका 1950 साली झाली ती राज्याच्या कायद्यानं, आयुक्तही राज्यच नेमतं. 74 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली, तरी ही दोरी राज्याच्याच हातात राहिली. मग दिल्लीचं मंत्रालय पालिकेला काय सांगणार? हुकूम करू शकत नाही. पैसे देऊ शकतं, आणि पैशांबरोबर अटी.

3 डिसेंबर 2005 ला जेएनएनयूआरएम सुरू झालं. पीएमपीच्या बसवर ही अक्षरं तुम्ही पाहिली असतील. यात रस्ते-पाणी एका मंत्रालयाकडे आणि गरिबांची घरं दुसऱ्याकडे! (2017 मध्ये दोन्ही एकत्र केली.) अटी बघा: मिळकतकर सुधारा, हिशेबाची पद्धत बदला, कमाल जमीन धारणा कायदा रद्द करा. महाराष्ट्रानं तो कायदा नोव्हेंबर 2007 मध्ये रद्द केला, त्यात या अटीचा मोठा वाटा होता.

आणि गल्लीत काय घडलं? नेताजीनगर, मदर तेरेसा नगर अशा वस्त्यांत ठरलं, की पक्क्या घराला हात लावायचा नाही. कच्चं पाडून तिथंच 270 चौरस फुटांचं घर बांधायचं. निम्मा पैसा केंद्राचा. रहिवाशाचा वाटा साधारण दहावा हिस्सा, कारण घर फुकट द्यायचं नाही असा योजनेचा नियम. आता अनेकांच्या पायाखाली तेवढी जागाच नव्हती. मग मजला चढवायचा, किंवा शेजाऱ्यांनी जागा एकत्र करायची. चार शेजारी तयार आणि पाचवा नाही, की अडलं! हे काही दिल्लीच्या परिपत्रकानं सुटणारं नव्हतं. महिला मिलनच्या बायका दारोदार फिरल्या, कापडाचं खऱ्या मापाचं घर उभारून लोकांना दाखवलं गेलं, मग आराखडे बदलले. माझ्या मते या योजनेचा खरा इतिहास तिथं आहे, फायलीत नाही.

गंमत म्हणजे लोकसहभागाचा कायदा करा, हीसुद्धा दिल्लीची अट होती. महाराष्ट्रानं 2009 मध्ये क्षेत्रसभेची तरतूद केली. सभा मात्र कागदावरच राहिल्या.

पुढे मार्च 2022 मध्ये पुणे पालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. साडेतीन वर्षांहून जास्त काळ येरवड्याला नगरसेवकच नव्हता. निवडणूक घ्या, असं दिल्लीतलं कुठलंही मंत्रालय म्हणू शकत नव्हतं. ते मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.